अंगण वाकडं, ड्रायव्हर नवा

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पॅन्ट्रीत कॉफी मशीनपाशी कुणी म्हणालं, "अरे, शेवटी ड्रायव्हर बदलला मी. जुना सारखा उजवीकडे जायचा!" तर दचकू नका. कुणाच्या पोटावर पाय आलेला नाही. हा ड्रायव्हर गाडीचा नाही, गोल्फचा. लांब दांड्याचा, मोसंबीपेक्षा मोठ्या डोक्याचा, आणि किंमत विचाराल तर पन्नास हजारांच्या घरात. तो 'उजवीकडे जायचा' म्हणजे अर्थातच चेंडू उजवीकडे जायचा. पण गोल्फर मंडळींचं व्याकरणच वेगळं. चेंडू सरळ गेला की 'मी मारला', वाकडा गेला की 'ड्रायव्हर गेला'!

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण रचणाऱ्याने गोल्फर नक्कीच पाहिला नसणार. नाचता न येणारा निदान अंगणाला नावं ठेवून गप्प तरी बसतो. गोल्फर अंगण विकून टाकतो आणि ईएमआयवर नवीन घेतो.

ज्यांनी गोल्फ फक्त चॅनेल बदलताना ओझरता पाहिलाय, त्यांच्यासाठी दोन ओळी. बॅगेत ड्रायव्हर असतो तो लांब मारायला. नंबर टाकलेले आयर्न असतात ते मधल्या अंतरांसाठी. वेज असतात जवळून चेंडू उंच उचलायला, आणि पटर ग्रीनवर चेंडू भोकात ढकलायला. सगळे मिळून जास्तीत जास्त चौदा. हा चौदाचा नियम अमेरिकेत १९३८ साली आला, ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी. त्याआधी काही बहाद्दर वीसपेक्षा जास्त क्लब कॅडीच्या पाठीवर लादून हिंडायचे. नियम करणाऱ्यांनी एका वेळी किती न्यायचे ते ठरवून दिलं. वर्षातून किती वेळा बदलायचे, ते मात्र राहून गेलं बिचाऱ्यांचं.

आमच्या ऑफिसात असा एक नमुना आहे. त्याला आपण 'साहेब' म्हणू, कारण त्याचा कॅडी त्याला तेच म्हणतो. वय चौतीस, पगार बरा, गुडघे अजून शाबूत. तीन वर्षांपूर्वी क्लायंटबरोबर खेळता यावं म्हणून गोल्फ शिकायला लागला आणि टोटल अडकला. आम्ही एकाच बॅचला शिकायला लागलो, त्यामुळे त्याचा सगळा हिशोब मला तोंडपाठ आहे. तीन वर्षांत चार ड्रायव्हर, आयर्नचे दोन पूर्ण सेट, आणि पटर किती झाले ते मोजणं मी मागच्या दिवाळीपासून सोडून दिलंय. पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याला अठरा होलला साधारण शंभर फटके लागायचे. आजही साधारण शंभरच लागतात.

त्याच्या प्रत्येक नव्या क्लबची लव्हस्टोरी एकाच स्क्रिप्टवर चालते. पहिल्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन. "अगं, काय सांगू तुला! बटर! नुसता बटर!" दुसऱ्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर स्लो मोशनमधले व्हिडिओ. तिसऱ्यात जरा शांतता. चौथ्यात, "शाफ्ट थोडा सॉफ्ट वाटतोय का गं हा?" आणि सहाव्या आठवड्यात सेकंडहँडवाल्यांच्या ग्रुपवर फोटो: हार्डली यूज्ड, लाइक न्यू. वधू-वर सूचक जाहिरातींमधलं ते 'निर्दोष घटस्फोटित' असतं ना, अगदी तस्सं!

आता त्याला वेड्यात काढणं सोपं आहे. पण गंमत अशी की पहिल्या आठवड्यातलं ते बटर खोटं नसतं. मी समोर उभी राहून पाहिलंय. चेंडू खरंच चांगला लागतो.

याचं एक कारण डोक्यात असतं. २०११ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी ४१ विद्यार्थ्यांना पटर देऊन प्रत्येकी दहा चेंडू मारायला सांगितले. त्यातल्या काही जणांच्या कानात हळूच सोडून दिलं, की हा पटर बेन कर्टिस वापरायचा. कर्टिस म्हणजे २००३ची ब्रिटिश ओपन जिंकलेला प्रो. बाकीच्यांना यातलं काहीच सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी भोकाचं चित्र काढताना ते मोठं काढलं आणि दहापैकी सरासरी दीडेक चेंडू जास्त आत घातले. पटरमध्ये काही फरक नव्हता, फरक होता तो हातात काय आहे या समजुतीत. म्हणजे साहेबांना दुकानातून बाहेर पडताना जे भारी वाटतं, त्याची किंमत शून्य नाही. प्रॉब्लेम एवढाच की पन्नास हजारांची ती समजूत फार दिवस टिकत नाही.

दुसरं कारण साध्या गणिताचं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. माणूस क्लब बदलतो कधी? चांगल्या रविवारनंतर कधीच नाही. शंभरवाल्याला एखाद्या रविवारी ११२ लागतात, चारचौघांत पार शोभा होते, आणि सोमवारी तो दुकानात असतो. पुढच्या रविवारी १०१. झालं, नवा क्लब देवासारखा धावून आला! पण शंभरवाला माणूस ११२ नंतर शंभराच्या आसपास येणारच होता. जुन्या ड्रायव्हरने खेळला असता तरी, आणि कदाचित छत्रीच्या दांड्याने खेळला असता तरी. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बरा असतो, त्यात कुणाची करामत नसते. नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी २०११च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात नेमकं हेच समजावण्यासाठी गोल्फचंच उदाहरण घेतलंय. पहिल्या दिवशी फार चांगलं खेळणारे दुसऱ्या दिवशी सरासरीने थोडे घसरतात, फार वाईट खेळणारे थोडे सुधारतात. ताप उतरायच्या बेतात असताना घेतलेल्या काढ्यासारखंच हे. श्रेय काढ्याला!

आणि तिसरं, नव्या क्लबला आपण सांभाळून घेतो. नवे शूज घालून पावसात चालताना कसे डबके चुकवत चालतो, तसंच. दात-ओठ खाऊन मारत नाही, नीट बघून मारतो. सहा आठवड्यांत क्लब घरचा होतो आणि आपण पुन्हा आपल्या मूळ पदावर!

आता जरा दुकानात शिरू या. कारण सगळा दोष साहेबांच्या डोक्याला देणं काही बरोबर नाही, समोरची पार्टीही कमी नाही.

दुकानात एक जाळी असते, एक कॅमेरा किंवा रडारवाला डबा असतो आणि एक अतिशय गोड बोलणारा मुलगा असतो. तो म्हणतो, "सर, तुमचा जुना सेव्हन आयर्न मारून बघा." स्क्रीनवर येतात १४० यार्ड. "आता हा नवा सेव्हन आयर्न मारा." १५५! सरांचे डोळे चमकतात. एका फटक्यात पंधरा यार्ड! कार्ड स्वाइप.

यातली ग्यानबाची मेख अशी, की सात हा नुसता दांड्याच्या टोकाला कोरलेला आकडा आहे. चेंडू किती लांब जाणार हे बरंचसं ठरतं क्लबच्या तोंडाच्या उतारावर, ज्याला लॉफ्ट म्हणतात. १९८०च्या सुमाराला सात नंबरचा लॉफ्ट ३५-३६ अंशांच्या आसपास असायचा. आज हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या अनेक सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो, काहींमध्ये त्याहूनही कमी. म्हणजे जुन्या काळचा पाच नंबरच, दांडाही थोडा लांब केलेला, फक्त वर सात कोरलेलं. मॉलमध्ये ३४ इंच कमरेच्या जीन्सवर ३२चं लेबल लावतात आणि ट्रायल रूममधून आपण हसत बाहेर येतो ना? तीच आयडिया. नव्या क्लबची बाजूही घ्यायला हवी. त्यांच्या डोक्यातलं वजन खाली सरकवलेलं असतं, त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू बऱ्यापैकी उंच जातो. सगळी फसवणूक नाही ती. पण पंधरा यार्डांतले बरेचसे यार्ड त्या कोरलेल्या आकड्याचे असतात, सरांच्या दंडांचे नव्हेत.

खरी धमाल पुढे आहे. सात नंबर पाचासारखा झाला, तसा सेटमधला शेवटचा पिचिंग वेजही खेचला गेला, ४३-४४ अंशांवर. मग त्याच्या आणि ५६ अंशांच्या सँड वेजच्या मधे भलीमोठी पोकळी तयार झाली. ती भरायला काय लागतं? आणखी एक वेज! त्याचं नावच 'गॅप वेज'. आधी खड्डा खणायचा आणि मग त्यावर टाकायची फळी वेगळी विकायची. याला म्हणतात मार्केटिंग, बॉस. आपल्या एमबीएत असलं काही शिकवलं नाही कुणी.

ड्रायव्हरची गोष्ट याहून रंजक आहे, कारण तिथे कंपन्यांचे हात नियमांनी बांधलेत. जुन्या लाकडी ड्रायव्हरचं डोकं २०० सीसीच्याही आत असायचं. १९९१ साली कॅलवेने 'बिग बर्था' आणला, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव दिलेला, आणि डोकी फुगायला लागली. आधी स्टील, मग टायटॅनियम. शेवटी नियम करणाऱ्यांनी २००४ साली ४६० सीसीची मर्यादा घातली. तोंडाला स्प्रिंगसारखा किती उसळ असावा, यावरही मर्यादा आहेच. बहुतेक कंपन्यांचे ड्रायव्हर कधीच या मर्यादांना जाऊन टेकलेत. त्यानंतरच्या वर्षांत सुधारणा झाली ती मुख्यतः क्षमाशीलतेत, म्हणजे चेंडू मधोमध नाही लागला तरी फार नुकसान होऊ नये यात. ती सुधारणा खरी आहे. पण जाहिरातीत क्षमा विकली जात नाही, यार्ड विकले जातात. 'दहा यार्ड जास्त!' दरवर्षी, न चुकता.

ठीक आहे, हिशोब करू. हौशी पुरुष खेळाडूंच्या ड्राइव्हची सरासरी ब्रिटनमध्ये मोजली जाते. १९९६ साली ती २०० यार्डांच्या आसपास होती. २०१९ साली ती पोचली २१५च्या आसपास. तेवीस वर्षं, पंधरा यार्ड. दरवर्षीचे दहा खरे असते, तर एव्हाना आपल्यातला प्रत्येक जण चेंबूरच्या कोर्सवरून मारून ट्रॉम्बेच्या खाडीत चेंडू बुडवत असता!

आणि लांब मारणं म्हणजेच सगळं, असंही नाही. टोकियो ऑलिम्पिक आठवतंय? २०२१च्या ऑगस्टमध्ये अख्खा भारत शनिवारी पहाटे उठून, नियम न कळता, अदिती अशोकसाठी टीव्हीसमोर बसला होता. साठ जणींमध्ये लांब मारण्यात ती जवळपास शेवटच्या नंबरवर होती. पटिंगमध्ये मात्र सगळ्यांच्या पुढे. एका फटक्याने तिचं मेडल हुकलं, चौथी आली. त्या आठवड्यात आमच्या रेंजवरच्या किती जणांनी पटिंगची प्रॅक्टिस वाढवली म्हणता? मी एकही पाहिला नाही. ड्रायव्हरच्या बकेटी मात्र तशाच रिकाम्या होत होत्या.

तुम्ही म्हणाल, हे झालं आपल्यासारख्या हौशी लोकांचं, प्रो लोक तरी शहाणे असतील. प्रो लोकांनाही ही खाज असते, फक्त त्यांना पैसे मिळतात. रोरी मॅकिलरॉय २०१२ साली पीजीए चॅम्पियनशिप चक्क आठ फटक्यांनी जिंकला आणि जानेवारी २०१३मध्ये नायकीबरोबर प्रचंड मोठा करार करून त्याने बॅगच्या बॅग बदलली. अबू धाबीतल्या पहिल्याच स्पर्धेत ७५. दुसऱ्या दिवशी त्याने घाईघाईने आपला जुना पटर बाहेर काढला. पुन्हा ७५, आणि घरी! त्या वर्षी अमेरिकेतल्या पीजीए टूरवर तो एकही स्पर्धा जिंकला नाही. सगळ्या जगाने निकाल दिला, क्लब वाईट. पण तेच नायकीचे क्लब घेऊन २०१४ साली तो ब्रिटिश ओपन आणि पीजीए, दोन्ही मेजर लागोपाठ जिंकला. क्लब वाईट नव्हते. त्याला ते ओळखीचे व्हायला वेळ लागला. दिवसभर फक्त गोल्फच खेळणाऱ्या, त्या वेळच्या जगातल्या नंबर एकच्या माणसाला वेळ लागला, आणि आमच्या साहेबांना सहा आठवड्यांत निकाल हवा असतो, तोही फक्त रविवारी खेळून.

याहून करुण कथा इयन वूझनमची. वेल्सचा हा ठेंगणा, गोड माणूस, १९९१चा मास्टर्स विजेता. २००१ची ब्रिटिश ओपन, रॉयल लिदमचं मैदान, शेवटचा रविवार. वय त्रेचाळीस, आणि तो संयुक्त आघाडीवर. पहिला होल पार थ्री. त्याने मारलेला चेंडू भोकाच्या अगदी जवळ जाऊन थांबला. बर्डी, आणि आघाडी एकट्याची! दुसऱ्या होलच्या टीवर आला आणि कॅडीने चेहरा पाडून सांगितलं, बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत. वूझनम सकाळी सरावाच्या वेळी दुसरा एक ड्रायव्हर ट्राय करून बघत होता, तो बॅगेतच राहिला. चौदाचे पंधरा झाले. दोन फटक्यांचा दंड. त्याने तो ड्रायव्हर झाडीत भिरकावला, टोपी आपटली, पण व्हायचं ते झालं होतं. शेवटी तो संयुक्त तिसरा आला. ते दोन फटके वजा केले असते तर एकटा दुसरा आला असता. कॅडीला मात्र त्याने तेव्हा काढलं नाही, हे त्याचं मोठेपण. (दोनेक आठवड्यांनी स्वीडनमध्ये तोच कॅडी सकाळी झोपून राहिला, तेव्हा काढलं.) मला या गोष्टीत नेहमी एकच प्रश्न पडतो. ब्रिटिश ओपनमध्ये आघाडीवर असलेल्या माणसाला, शेवटच्या दिवशी सकाळी, दुसरा ड्रायव्हर ट्राय करून बघावासा का वाटला असेल?

मग बदलूच नये का? असं कोण म्हणतं! स्कॉटी शेफलर २०२४च्या सुरुवातीला टी ते ग्रीन इतका अफाट खेळत होता की बाकीचे नुसते बघत बसायचे, आणि ग्रीनवर मात्र त्याचा पटर दगा द्यायचा. पातळ पात्यासारखा पटर सोडून त्याने मार्चमध्ये जाड डोक्याचा मॅलेट पटर घेतला. आर्नल्ड पामर इन्व्हिटेशनल पाच फटक्यांनी जिंकला, मग प्लेअर्स, मग एप्रिलमध्ये मास्टर्स! पण बघा, त्याने काय बदललं? दुखत होतं तेवढंच. बाकीच्या तेरांना हात लावला नाही. हाच शेफलर २०२५च्या पीजीएत मोठ्या पेचात सापडला. स्पर्धेआधीच्या तपासणीत त्याचा ड्रायव्हर नापास झाला. हजारो फटके खाऊन तोंडाचा पत्रा पातळ होतो, उसळ वाढतो आणि क्लब नियमाबाहेर जातो. म्हणजे ड्रायव्हर जुना झाला म्हणून 'हॉट' झाला! मॅकिलरॉयचाही त्याच आठवड्यात नापास झाला होता. शेफलरने राखीव ड्रायव्हर काढला आणि पाच फटक्यांनी जिंकला. प्रो लोकांचा राखीव क्लब म्हणजे बहुतेक वेळा पहिल्याचा जुळा भाऊ असतो, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे राखीव म्हणजे जो विकला गेला नाही तो.

आम्हा बायकांच्या बाबतीत तर बदल करावाच लागतो. कुणाच्या तरी नवऱ्याचा किंवा काकांचा जुना सेट दांडे कापून हातात दिला जातो, 'शिकेपर्यंत वापर गं'. कापलेला दांडा आणखी ताठ होतो, वजन होतं तेवढंच राहतं, आणि बाई वर्षभर समजत राहते की आपल्याला जमत नाही. अशा वेळी क्लब बदलाच. दांड्याची लांबी, वजन, लवचीकता, उभं राहिल्यावर तळ जमिनीला नीट टेकतो का, हे जाणकाराकडून एकदा मोजून घ्या. एकदा. दर पगाराला नव्हे.

साहेबांनी मात्र मधल्या काळात वेगळंच केलं. कोच सोडला. "तो तेच तेच सांगतो," हे कारण. तेच तेच म्हणजे काय, तर चेंडूला लागताना क्लबचं तोंड उघडं राहतंय, म्हणून चेंडू उजवीकडे वळतोय, ग्रिप सुधार. तीन वर्षं तेच, कारण तीन वर्षं ग्रिप तीच. क्लब बदलला की थोडे दिवस ते उघडं तोंड झाकलं जायचं. कधी टाचेकडे वजन असलेला ड्रायव्हर, कधी हलका दांडा. मग हात आपली जुनी वाट शोधायचे आणि चेंडू पुन्हा झाडीत.

गेल्या पावसाळ्यानंतर पुण्याजवळच्या एका कोर्सवर आम्ही चौघं खेळत होतो. साहेब, मी आणि दोन क्लायंट. त्यातले एक साठीचे गृहस्थ, त्यांच्या आयर्नचा क्रोम पार उडालेला, एका ग्रिपला काळी टेप गुंडाळलेली. बाराव्या होलला १४५ यार्डांचा पार थ्री, समोर तळं. साहेबांच्या हातात महिन्याभरापूर्वी घेतलेला सेट. बॅगेतून सात काढला, आत ठेवला, आठ काढला, पुन्हा सात. आणि मग कॅडीकडे वळून त्याने अगदी मनापासून विचारलं, "माझा सात नंबर किती जातो रे?"

कॅडी बिचारा साधा माणूस. म्हणाला, "साहेब, मागच्या सेटचा विचारला असता तर सांगितलं असतं."

सगळे हसले. साहेबही हसला, पण कानशिलं लाल झाली होती. दुकानातल्या स्क्रीनवर हा सात १५५ गेला होता. म्हणून त्याने जरा सांभाळून मारला, आणि चेंडू तळ्याच्या मधोमध. दुसराही तळ्यात. काका पुढे आले, त्यांनी पाच नंबर काढला, जेवायला बसल्यासारखे शांतपणे उभे राहिले आणि चेंडू ग्रीनवर ठेवला. कॅडीला त्यांनी काहीही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर साहेब गाडी चालवत होता, लोणावळा येईपर्यंत गप्प. मग एकदम म्हणाला, "तुझा सात नंबर किती जातो?"

"एकशे दहा. समोरून वारा असला तर शंभर."

"दर वेळी?"

"दर वेळी कुठला! पण कमी गेला की का गेला ते कळतं. बहुतेक वेळा मी घाई केलेली असते."

"मला नाही कळत," तो म्हणाला. "मला वाटतं शाफ्ट असेल, नाहीतर लाय अँगल, नाहीतर चेंडू. तीन वर्षं झाली गं. मला माझा एकसुद्धा फटका ओळखीचा नाही."

मी काही बोलले नाही. चिक्कीचं दुकान आलं, आम्ही थांबलो. क्लायंटच्या त्या कामाचं पुढे काही बिघडलं नाही, काकांनी तळ्याचा विषयही काढला नाही. पण साहेबाने त्या आठवड्यात कोचला फोन केला, एवढं मला माहीत आहे. आणि तो सेट अजून त्याच्याकडेच आहे. सहावा महिना चालू आहे, म्हणजे त्याच्यासाठी हे रेकॉर्डच!

मला यात थोडं नुकसान आहे, ते सांगायला हवं. असे चंचल गोल्फर नसते तर माझ्यासारखीने हा खेळ खेळायचा कसा? दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतं, आणि दोन वर्षांत चेंडूला ते कळत नाही. माझ्या बॅगेतले दोन वेज साहेबांचे. पटरही त्याचाच. त्याने तो पाच आठवडे वापरून 'याला फीलच नाही' म्हणून टाकला, मी दोन वर्षं वापरतेय. ग्रिपवर माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

परवा लंचला माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "ऐक ना, तो पटर आहे ना तुझ्याकडे, माझा? या रविवारी एक राऊंड देतेस का? बघू म्हटलं जरा, नव्याने."

म्हटलं, भाड्याने देईन.